थंड इंजिन सुरू करताना होणारी किंचाळी: नवा बेल्ट टाकूनही ती परत का येते?

पुण्याच्या पाषाण परिसरात डिसेंबर लागला की पहाटेचा पारा बारा अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी तोच तिशीच्या आसपास जातो. ही तफावत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ज्या आवाजाविषयी मी लिहीत आहे तो या तफावतीतच लपून बसतो. सकाळी साडेसहाला गाडी सुरू केली की बोनेटखालून पाच ते दहा सेकंद अशी किंचाळी निघते की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडतात, अकरा वाजता तीच गाडी गॅरेजमध्ये नेली की ती गुणी बाळासारखी सुरू होते आणि मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी तर गप्प आहे."

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे आणि हा त्रास सुरू झाला तेव्हा तिला सहा वर्षे झाली होती. पहिल्या हिवाळ्यात आवाज आला तेव्हा बेल्ट खरोखरच जुना होता, म्हणून तो बदलला आणि आवाज थांबला. जुलैच्या पावसात, ओल्या सकाळी, तो पुन्हा आला; गॅरेजमध्ये बेल्ट ताणून दिला आणि तो पुन्हा थांबला. डिसेंबरात तो पूर्वीपेक्षा मोठ्याने परतला, दुसरा नवा बेल्ट बसला आणि या वेळी शांतता जेमतेम तीन आठवडे टिकली. एकाच गाडीत वर्षभरात दोन बेल्ट आणि एक ताणणी खर्ची पडल्यावर माझ्या लक्षात आले की आम्ही एका चुकीच्या पुराव्यावर विसंबून होतो. नवा बेल्ट टाकल्यावर आवाज थांबला म्हणजे दोष बेल्टचाच होता, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः दोष कोणताही असो, नवा बेल्ट काही काळ आवाज बंद करतोच. त्याच्या आतल्या बाजूच्या लांब रेघा भरीव असतात, रबराची पकड ताजी असते आणि तो बसवताना ताणही नव्याने दिलेला असतो. त्यामुळे कुठलीतरी पुली किंचित तिरकी असली किंवा एखाद्या यंत्राचा भार जास्त असला तरी तो काही दिवस सांभाळून घेतो. रेघांच्या बाजू घासून गुळगुळीत झाल्या की मूळ दुखणे पुन्हा वर येते.

हा बेल्ट म्हणजे आपण सगळे ज्याला फॅन बेल्ट म्हणतो तो. खरे तर बहुतेक मोटारींचा रेडिएटरचा पंखा केव्हाच विजेवर चालू लागला आहे, पण नाव राहून गेले आहे, जसे जुने मेकॅनिक वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला अजूनही डायनॅमोच म्हणतात. इंजिनाच्या क्रँकच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघणारा हा पट्टा अल्टरनेटर फिरवतो आणि गाडीनुसार पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर किंवा स्टीअरिंगचा पंप यांपैकी काहींना सोबत घेतो. इंजिनाच्या आत असणारा टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन ही वेगळी गोष्ट असून तिचा या किंचाळीशी संबंध नसतो.

किंचाळी थंड इंजिनावरच का होते, हे एकदा नीट समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी जाते. सेल्फ मारताना स्टार्टर बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह क्षणभर ओढतो आणि इंजिन पकडताच अल्टरनेटर ती उणीव भरून काढू लागतो. समजा त्या वेळी तो ७० अँपिअर प्रवाह १४ व्होल्टला देत आहे, तर ते साधारण हजार वॉट झाले. अल्टरनेटरची स्वतःची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली तर त्याला फिरवण्यासाठी दीड किलोवॉटहून अधिक, म्हणजे दोन अश्वशक्तींपेक्षा जास्त, ताकद बेल्टमधून जावी लागते. ही सगळी ताकद ज्या पुलीवर उतरते ती नेमकी सर्वांत लहान असते, तिला बेल्टचा विळखाही कमी असतो आणि त्याच घटकेला रबर थंडीने ताठरलेले व रात्रीच्या दवाने ओलसर असते. मिनिटभरात बॅटरीची भूक कमी होते, रबर ऊबदार होते, ओल उडून जाते आणि आवाज आपोआप थांबतो. म्हणूनच आवाज "आपोआप बरा झाला" असे वाटते आणि आपण कामाला निघून जातो.

आधी आवाज नेमका ओळखावा

एक प्रामाणिक सूचना अशी की, बोनेटखालचा प्रत्येक कर्कश आवाज बेल्टचा नसतो. चावी फिरवलेली असतानाच, इंजिन पकडण्याच्या क्षणी, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर होत असेल आणि ती एक-दोन सेकंदांत संपत असेल, तर स्टार्टरचा दातेरी भाग वेळेवर मागे येत नाही अशी शंका घ्यावी. इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद खडखड होत असेल तर टायमिंग चेनच्या ताणकाकडे तेल उशिरा पोहोचत असण्याची शक्यता असते. हे दुखणे वेगळे असून ते अंगावर काढण्यासारखे नाही. क्लचचे पेडल दाबले की बदलणारा आवाज क्लचच्या बेअरिंगचा असतो. गाडी जागेवर उभी असताना शांत आणि पहिल्या दहा-वीस मीटरांत ब्रेक लावताच ओरडत असेल, तर डिस्कवर रात्रीच्या दमटपणामुळे आलेल्या पातळ गंजाचा तो प्रताप असतो. दोन-चारदा ब्रेक लागले की तो जातो.

बेल्टच्या घराण्यातही तीन आवाज आहेत आणि त्यांत गल्लत झाली की तपास भरकटतो. सलग, उंच पट्टीतली किंचाळी, जी अॅक्सिलरेटर किंचित दाबला किंवा दिवे लावले की वाढते, ती बेल्ट घसरत असल्याची खूण आहे. चिमणीसारखी, ठरावीक अंतराने येणारी चिवचिव, जी इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जलद होते, ती बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचे सांगते. आणि घरघर किंवा खरखर, जी इंजिन तापल्यावरही पूर्णपणे जात नाही, ती एखाद्या बेअरिंगची असते, मग ते अल्टरनेटरचे असो, पाण्याच्या पंपाचे असो वा नुसत्या दिशा देणाऱ्या पुलीचे असो. माझ्या गाडीत पहिल्या तीन सेकंदांत किंचाळी आणि मग काही सेकंद चिवचिव असा क्रम होता. हे तपशील मी पहिल्या वर्षी लिहून ठेवले असते तर एक बेल्ट वाचला असता.

मेकॅनिकला आवाज ऐकवण्याचे दोनच उपाय मला खात्रीचे वाटतात. एकतर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून सकाळी त्यांनाच सुरू करायला सांगावी. नाहीतर बोनेट उघडे ठेवून, मोबाइल इंजिनाच्या बेल्टच्या बाजूला धरून, चावी फिरवण्याच्या आधीपासून ध्वनिमुद्रण करावे. नंतर सुरू केलेले मुद्रण उपयोगाचे नसते, कारण स्टार्टर आणि बेल्ट यांतला फरक पहिल्या सेकंदातच कळतो.

थंड सकाळची तपासणी

तपासणी सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी थोडे. चालत्या बेल्टजवळ ओढणी, मफलर, स्वेटरच्या सैल बाह्या, गळ्यातली साखळी किंवा मोकळे केस असता कामा नयेत, आणि इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा विजेवरचा पंखा काही गाड्यांत अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी चावी काढून खिशात ठेवावी. ज्या सौम्य हायब्रिड गाड्यांत बेल्टवर चालणारे एकच यंत्र स्टार्टर आणि जनरेटर अशी दोन्ही कामे करते, त्यांच्या बेल्टला घरी हात लावू नये. तिथे ताणाची रचनाच निराळी असते आणि गाडी उभी असताना इंजिन स्वतःहून सुरू होण्याची शक्यता असते.

प्रथम बंद आणि थंड इंजिनावर विजेरीच्या उजेडात बेल्ट पाहावा. जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला भेगा पडत, म्हणून भेगा मोजण्याची सवय आपल्याकडे रूढ झाली. परंतु आताचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि ते भेगाळण्याऐवजी टायरसारखे झिजतात. त्यामुळे दिसायला धडधाकट बेल्टही निकामी असू शकतो. रेघांमधल्या खाचा रुंद व उथळ झाल्या, रेघांच्या बाजू काचेसारख्या चकाकू लागल्या किंवा बेल्ट पुलीच्या कडेच्या बराच आत रुतून बसू लागला, तर तो संपला असे समजावे. एकच कड जास्त झिजलेली असेल किंवा कडेचे धागे सुटले असतील, तर ती खूण फार मोलाची आहे, कारण तो बेल्ट तिरका चालला आहे. बेल्ट कुठे ओला, चिकट किंवा फुगलेला दिसला तर वर शोध घ्यावा. इंजिनाच्या झाकणाच्या कडेतून झिरपणारे तेल किंवा पाण्याच्या पंपाच्या लहानशा भोकापाशी साचलेला कूलंटचा हिरवा-गुलाबी थर तिथे सापडू शकतो. गळती बंद केल्याशिवाय नवा बेल्ट टाकणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी चटई अंथरणे होय. खाचांमध्ये अडकलेला खडाही मी एकदा एका गाडीत पाहिला आहे. रस्त्यांची खोदकामे पाहता पुण्यात याचे नवल वाटू नये.

पावसाळ्यात पंधरा दिवस न हललेल्या गाडीचे प्रकरण यापेक्षा हलके असते. पुलीच्या खाचांवर गंजाचा पातळ थर येतो, पहिली काही मिनिटे बेल्ट ओरडतो आणि तो थर घासून निघाला की शांत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज राहिला नाही तर काहीही करू नये.

यानंतर ताण. ज्या गाडीत बेल्ट ताणलेला ठेवणारा स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर असतो, तिथे इंजिन चालू असताना दूरूनच त्याच्या भुजेकडे पाहावे. ती जवळजवळ स्थिर असावी, थोडीशी थरथर चालते, पण ती मोठ्या हेलकाव्यांनी मागेपुढे होत असेल तर टेन्शनर थकलेला आहे आणि कितीही चांगला बेल्ट टाकला तरी आवाज परतणार आहे. माझ्या गाडीसारख्या साध्या रचनेत अल्टरनेटर स्वतःच एका बोल्टभोवती फिरवून बेल्ट ताणावा लागतो. अशा बेल्टच्या सर्वांत लांब मोकळ्या भागावर मध्यभागी अंगठ्याने सुमारे दहा किलोचा जोर दिल्यावर तो किती दबतो हे मोजावे आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. अनेक लहान गाड्यांत हे अंतर सहा ते दहा मिलिमीटरांच्या आसपास असते, पण शेवटचा शब्द पुस्तिकेचा. आवाज जावा म्हणून बेल्ट तारेसारखा ताणून देण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्याने आवाज नक्की जातो, फक्त काही महिन्यांनी अल्टरनेटरचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग घरघरू लागते आणि बिलाचा आकडा बदलतो. हाताने ताणायचा नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैल पडतोच, म्हणून तो बसवल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा तपासून घ्यावा. हे काम दहा मिनिटांचे असते आणि बहुधा कुणीच करत नाही.

आता पाण्याची चाचणी, जिच्यामुळे माझ्या प्रकरणाचा उलगडा झाला. इस्त्रीसाठी वापरतो तशा फवाऱ्याच्या बाटलीत साधे पाणी घ्यावे, इंजिन चालू असून आवाज येत असताना बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे आणि कान द्यावा. पाणी अल्टरनेटरवर उडू देऊ नये. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरत आहे, म्हणजे ताण कमी आहे, रेघा झिजल्या आहेत किंवा भार फार आहे. पाणी पडताच आवाज थांबला आणि काही क्षणांनी पाणी उडाल्यावर परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. काहीच फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर न्यावा आणि लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या स्थिर भागावर टेकवून मुठीला कान लावून ऐकावे. खराब बेअरिंगची खरखर त्यातून स्पष्ट ऐकू येते.

चाचणीची अडचण एवढीच की आवाज दहा सेकंदांत संपतो. त्यासाठी आदल्या रात्रीच ब्लोअर सर्वांत वरच्या गतीवर आणि मागच्या काचेची तापणारी तार चालू स्थितीत ठेवून इग्निशन बंद करावे आणि सकाळी इंजिन सुरू होताच हेडलाइट लावावेत, म्हणजे सगळा विजेचा भार एकदम येतो आणि आवाज लांबतो. ज्या गाडीत ही बटणे आपोआप बंद होतात तिथे इंजिन सुरू होताच ती भराभर लावावीत. माझी मुलगी चालकाच्या जागेवर बसली होती, मी बाटली घेऊन बोनेटपाशी उभा होतो. "बाबा, मारू का सेल्फ?" असे तिने विचारले आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जे दिसले ते आधीच्या वर्षभरात दोन गॅरेजना दिसले नव्हते. पहिली किंचाळी पाण्याने किंचित वाढली आणि नंतरची चिवचिव पाण्याने पूर्ण थांबून तीन सेकंदांनी परत आली. याचा अर्थ बेल्ट घसरतही होता आणि तिरकाही चालत होता.

पुल्या सरळ दिसत होत्या, तरीही

मेकॅनिकने पोलादी पट्टी क्रँकच्या आणि अल्टरनेटरच्या पुलीवर आडवी धरली. दोन्ही एका रेषेत होत्या. ताणही पुस्तिकेप्रमाणे होता. अशा वेळी चाचणीवरच अविश्वास दाखवून तिसरा बेल्ट मागवण्याचा मोह होतो आणि तो आम्हालाही झाला. पण काढलेल्या दोन्ही जुन्या बेल्टची तीच एक कड जास्त घासलेली होती आणि अल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर त्याच बाजूला रबराची काळी भुकटी बसली होती. इंजिन बंद असताना सरळ असणारी पुली इंजिन चालू असताना तिरकी होत असेल काय, हा प्रश्न तिथून निघाला.

बेल्ट सैल करून अल्टरनेटर दोन्ही हातांनी धरून हलवला तेव्हा उत्तर मिळाले. ज्या खालच्या बोल्टभोवती तो फिरतो, त्या बोल्टचे ब्रॅकेटमधले भोक झिजून लांबट झाले होते. वरचा बोल्ट घट्ट असल्यामुळे एरवी काही जाणवत नसे. पण सकाळी भार आला की बेल्टची ओढ वाढे, अल्टरनेटर त्या झिजलेल्या भोकात केसभर तिरका होई, पुली रेषेबाहेर जाई आणि त्याच हालचालीत ताणही कमी होई. बॅटरी भरत आली की ओढ कमी होऊन तो जागेवर येई. जागेवर आलेल्या अल्टरनेटरवर पट्टी ठेवून काय दिसणार? आमची प्रत्येक मोजणी बरोबर होती, ती फक्त चुकीच्या वेळी केलेली होती. जुलैमध्ये केवळ ताणून काम का भागले आणि दुसरा बेल्ट तीन आठवड्यांतच का हरला, याचाही उलगडा यातून झाला: भोक दिवसेंदिवस लांबट होत चालले होते.

नवे ब्रॅकेट मागवायला वेळ लागणार होता. मेकॅनिकने जुने ब्रॅकेट लेथवाल्याकडे नेऊन भोक गोल करून घेतले, त्यात पोलादी बुश, म्हणजे नळीसारखे कडे, दाबून बसवला आणि नवा बोल्ट टाकला. पुण्यात हा एक मोठा फायदा आहे. भोसरी-पिंपरीच्या कारखानदारीमुळे असे काम नीट करणारे हात शहरभर सापडतात. बुश, बोल्ट आणि मजुरी मिळून झालेला खर्च आधीच्या एका बेल्टच्या बिलाहून कमी होता. पुल्यांच्या खाचा तारेच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ केल्या, बेल्टवर मात्र काहीही मारले नाही. एक कड घासलेला बेल्ट पुन्हा वापरण्यात अर्थ नसल्यामुळे तिसरा बेल्ट घ्यावाच लागला.

तो मी नाना पेठेतून आणला. बेल्ट विकत घेताना जुन्या बेल्टच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा, शक्यतो जुना बेल्टच सोबत न्यावा. ४ पीके ८८० असे लिहिले असेल तर चार रेघा आणि ८८० मिलिमीटर लांबी असा त्याचा अर्थ असतो. पीके ही रेघांच्या आकाराची खूण असून त्यात दोन रेघांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असते. "दहा मिलिमीटरने काय होते?" असे दुकानदाराने म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. हाताने ताणायच्या रचनेत तेवढ्या फरकाने अल्टरनेटर ताण देण्याच्या पट्टीच्या टोकाला जाऊन पोहोचतो आणि पुढे ताणायला जागाच उरत नाही. स्वयंचलित टेन्शनर असेल तर त्याची भुजा चुकीच्या ठिकाणी येते.

फवारे, साबण आणि इतर उपाय

बेल्टवर मारायचा चिकट फवारा मिळतो आणि त्याने आवाज तत्काळ थांबतो, हे खरे आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात मीही तो मारला होता. पण त्या चिकटपणावर रस्त्यावरची धूळ बसते, तिचा लेप होतो आणि खाचा भरल्या की बेल्ट अधिकच घसरतो. शिवाय आवाज दबल्यामुळे पाण्याच्या चाचणीचा निकालही फसवा येतो. बेल्टवर साबणाची वडी घासण्याचा जुना तोडगाही त्याच पंक्तीतला. गंजलेले नटबोल्ट सोडवण्याचा पातळ तेलकट फवारा बेल्टवर मारणे तर सरळसरळ हानिकारक आहे, कारण तेलाने रबर फुगते आणि पकड कायमची जाते. बेल्टवर काहीच मारू नये, हे माझे ठाम मत आहे.

बॅटरी तपासल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माझे निदान झाल्यावर समोरच्या इमारतीतले काका त्यांची गाडी घेऊन आले. आवाज अगदी तसाच, बेल्ट तीन महिन्यांचा, टेन्शनर स्वयंचलित आणि स्थिर, पुल्या सरळ आणि अल्टरनेटर जागच्या जागी पक्का. पाणी मारल्यावर आवाज वाढला, म्हणजे निव्वळ घसरण. मग रात्रभर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर लावला तेव्हा १२.१ व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्मीच भरलेली असते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला. बॅटरी चार वर्षांहून जुनी होती, काकांचा रोजचा प्रवास मंडईपर्यंत जाऊन येण्याचा, आणि काचेवरचा कॅमेरा गाडी उभी असतानाही रात्रभर वीज खात होता. अशी अर्धपोटी बॅटरी रोज सकाळी अल्टरनेटरकडून पूर्ण क्षमतेने प्रवाह मागते आणि त्या ओढीपुढे चांगला बेल्टही घसरतो. "अहो, आवाज पुढून येतोय आणि तुम्ही बॅटरी काय बघताय?" असे काका म्हणत होते, पण नवी बॅटरी बसली आणि कॅमेऱ्याची जोडणी इग्निशनवर घेतली तेव्हा किंचाळी बेल्टला हात न लावता थांबली.

बॅटरी बदलण्याआधी तिच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी साफ करून पुन्हा मोजावे. कधीकधी तेवढ्याने भागते. जोडणी काढताना ऋण टोक आधी सोडवावे आणि लावताना ते शेवटी लावावे. इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, मात्र काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे खाली-वर करतो, तेव्हा एका मोजणीवरून अल्टरनेटर दोषी ठरवू नये. बॅटरी चांगली असूनही बेल्ट जोराने घसरत असेल तर बेल्ट काढून अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहावी. ती अडखळत असेल तर बेअरिंग गेले. काही गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, या पुलीत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते. ती आतून जाम झाली की टेन्शनर थडथडतो आणि बेल्ट ओरडतो, आणि ती पुली बदलल्याशिवाय सुटका नसते. क्रँकच्या पुलीचे बाहेरचे कडे आतल्या भागाला रबराने जोडलेले असते. ते रबर सुटले तर इंजिन चालू असताना कडे डगमगताना दिसते आणि तशी गाडी चालवू नये.

किंचाळी सकाळपुरती असेल तर तपासासाठी आठवडाभर थांबले तरी चालते. पण चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ स्टीअरिंग जड झाले किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला किंवा उतरला आहे असे समजून गाडी लगेच सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. ज्या गाडीत पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो तिथे कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या चढावर इंजिन अतितप्त व्हायला काही मिनिटे पुरतात, आणि "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" हा विचार इंजिनाच्या हेडवर बेततो.

बुश बसवल्याला आता दोन हिवाळे झाले. दर वेळी तेल बदलताना मी खालचा बोल्ट पान्याने तपासून घेतो, अल्टरनेटर हाताने हलवून पाहतो आणि बेल्टच्या दोन्ही कडा विजेरीने न्याहाळतो. त्या सारख्याच झिजत आहेत. या जानेवारीत सर्वांत गार सकाळी गाडी सुरू केली तेव्हा सेकंदभर हलकी कुरकुर झाली होती. व्होल्ट मोजले तर १२.४ भरले. बॅटरी पाचव्या वर्षात आहे.